पाटीवाल्या काकूंना विचारा : लॅपटॉपवरचा चकवा

या महिन्याच्या पत्रांत निम्मी एकाच गोष्टीची निघाली. लॅपटॉपच्या झाकणावर लावायला धोक्याच्या खोट्या पाट्या हव्यात, त्याही गोष्टीतल्या नाहीतर सिनेमातल्या. नव्या वाचकांसाठी सांगते, साताऱ्यात स्टँडजवळ आमचं रेडियमचं दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्रशने पाट्या रंगवायचे. मी प्लॉटरवर, म्हणजे संगणकावरून चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, कापते. (आमच्या धंद्याला सगळे रेडियम म्हणतात आणि त्यात रेडियम औषधालाही नसतं. रंगीत व्हिनाइल असतं, मागे डिंक असलेलं.)

प्रश्न : काकू, मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोष्टी लिहिते. माझ्या गोष्टींत घाटातल्या एका गावात 'चकवा निवारण कचेरी' आहे आणि तिथले कर्मचारी रात्री रस्त्यावर पाट्या लावत फिरतात. तशाच पाट्या मला लॅपटॉपवर हव्यात. घरच्या प्रिंटरमध्ये स्टिकर पेपर घालून काढल्या, तर मैत्रीण म्हणाली, फुग्यांच्या पाकिटासारखं दिसतंय. वर परवाच्या पावसात रंग पसरला. फोटो पाठवतेय. काय चुकलं?

उत्तर : बाळा, फोटो बघितला. कवटी हसतेय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, 'सावधान'पुढे तीन उद्गारचिन्हं आहेत आणि अक्षरांतून रक्त ठिबकतंय. खरी पाटी एवढा आरडाओरडा करत नाही. तिच्यामागे सरकार उभं असतं, तिला ओरडायची गरजच नसते.

अण्णांनी डीपीवरच्या कवट्या किती रंगवल्या त्याला गणती नाही. १९५६ च्या वीज नियमांत पस्तिसावा नियमच होता : २५० व्होल्टच्या वरच्या जोडणीवर कवटी आणि हाडांची खूण असलेली पाटी पाहिजे, मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत. अण्णा जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडने कवटी कापून साचा करायचे. कुणाच्या तरी बरगड्या त्या साच्यात अंधूक दिसायच्या, लहानपणी मला कवटीपेक्षा त्यांचीच भीती जास्त वाटायची. दात मात्र मोजून सहा. "सातवा काढला की ती हसायला लागते," म्हणायचे. तुझ्या कवटीला मी अकरा मोजले.

तेव्हा आधी तुझ्या कचेरीला शिस्त लाव. खोटी पाटी खरीच्या नियमाने लिहिली तरच बघणारा क्षणभर फसतो आणि मग हसतो. नियम फार नाहीत. जगभर चालणारी पद्धत आहे, आयएसओ ३८६४ आणि ७०१० ही तिची मानकं. पिवळा त्रिकोण, काळी किनार, आत काळं चित्र : इथे धोका आहे. लाल वर्तुळ, आडवी तिरकी रेघ : हे करू नका. निळी भरीव चकती, आत पांढरं चित्र : हे केलंच पाहिजे. हिरवा चौकोन : सुटायची वाट इकडे. त्रिकोणात निम्म्याहून कमी पिवळा ठेवायचा नाही हेसुद्धा त्यात लिहिलेलं आहे. तुझ्या त्रिकोणात पिवळा फक्त कोपऱ्यांत उरलाय.

आता चकव्याला या साच्यात बसव. चकवा आहे हे सांगायला पिवळा त्रिकोण. चकवा लागल्यावर वणवण न करता जागीच बसून राहायचं असं आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात, तर ती निळी चकती : मांडी घालून बसलेला माणूस, बस्स. मुंज्यासाठी लाल वर्तुळ, आत पिंपळाचं पान. गिऱ्हा पाण्यात ओढतो, त्यालाही लाल वर्तुळच. प्रत्येक भुताला आधी विचार, 'तू सांगतोयस की बजावतोयस की मनाई करतोयस?' उत्तर आलं की आकार आणि रंग आपोआप ठरतात, तुला निवडावे लागत नाहीत.

चकव्याचं चित्र काय काढायचं, हा खरा अवघड भाग. चकव्याला रूप नाही. इथे एक किस्सा कामाला येईल. जैविक धोक्याची ती तीन कड्यांची खूण आहे ना, दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवर असते ती, १९६६ साली अमेरिकेत डाऊ केमिकल कंपनीतल्या चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. त्यांना मुद्दाम अशी खूण हवी होती जी एकदा बघितली की विसरता येणार नाही, पण जिचा आधीपासून काहीच अर्थ नसेल. अर्थ नंतर शिकवता येतो. आणखी दोन अटी होत्या : साच्याने सहज मारता यावी, आणि डबा कसाही पडलेला असला तरी खूण ओळखू यावी. म्हणून ती तीन बाजूंनी सारखी आहे. लॅपटॉपलाही हे लागू पडतं. झाकण उघडल्यावर समोरच्याला सुलट दिसणारा स्टिकर, झाकण मिटलं की तुला उलटा दिसतो. म्हणून मी म्हणते, रस्ता गोल फिरून स्वतःच्याच शेपटीला मिळतोय असं तीन वळणांचं चित्र काढ. उलटं बघितलं तरी ओळखू येईल. चकव्यात तरी दुसरं काय होतं?

मजकूर. 'सावधान!!!' काढून टाक. आपल्या रस्त्यांवरची भाषा ऐक : 'अपघात प्रवण क्षेत्र', 'पुढे धोकादायक वळण आहे', 'वाहने सावकाश हाका'. तशी तुझी : 'चकवा प्रवण क्षेत्र. पुढील ३ कि.मी. हाकेला ओ देऊ नये.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक 'हुकमावरून'. त्या एका शब्दात अख्खी कचेरी उभी राहते, खिडकीसकट आणि जेवणाच्या सुट्टीसकट.

अक्षर जाड आणि एकसारख्या जाडीचं घे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' फुकट मिळतात. मी मुक्ता घेईन. बालू गोंडस आहे, त्यात लिहिलास तर चकवा लाडका वाटेल.

पावसाचं उत्तर सोपं आहे. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी असते आणि कागदी स्टिकर पाणी पितो. छापायचंच असेल तर दुकानातून व्हिनाइलवर छापून वर मॅट कोल्ड लॅमिनेशन करून घे. चकचकीत नको, ट्यूबलाइट त्यात दिसते आणि पाटीचा रुबाब जातो.

पण तुझं नवं चित्र दोनच रंगांचं आहे, म्हणून मी छापण्यापेक्षा कापायला सांगेन. खाली पिवळा त्रिकोण, बाजू ६० मिलिमीटर, टोकं किंचित गोल. टोकदार कोपरा दप्तरात घासून पहिल्यांदा उचलतो. वर काळ्या व्हिनाइलची किनार आणि चित्र. प्लॉटर फक्त वरचा थर कापतो, खालचा मेणकागद तसाच राहतो. मग चिमट्याने नको तो भाग उचलायचा, त्याला आम्ही सोलणं म्हणतो. उरलेल्यावर ट्रान्सफर टेप लावायची, जुन्या एटीएम कार्डाने दाबायची आणि पिवळ्यावर बसवायची. खाली पिवळा काळ्यापेक्षा दोन मिलिमीटर बाहेर ठेव, म्हणजे हात थोडा हलला तरी कळत नाही.

इथे आपली लिपी उपकार करते. इंग्रजी शब्द कापला की प्रत्येक अक्षर सुटं, एकेक धरून बसवा. आपला शब्द शिरोरेखेला लोंबकळलेला असतो, एका टोकाला धरला की अख्खा उचलला जातो. सुटा राहतो तो अनुस्वार. मागे एका मुलाला 'कंप जाणवल्यास लांब व्हावे' असं कापून दिलं. कचऱ्याबरोबर अनुस्वार कधी निघून गेला मला कळलंच नाही. 'कप जाणवल्यास लांब व्हावे' घेऊन पोरगा घरी गेला. दुसऱ्या दिवशी भांडायला येईल म्हणून नवीन कापून ठेवलं, तर म्हणाला, राहू द्या, आता शेजारी कोणी चहा ठेवत नाही. तेव्हापासून मी अनुस्वाराचा ठिपका दोन मिलिमीटरपेक्षा लहान कापत नाही, आणि अक्षराची उंची सहाच्या खाली जात असेल तर सरळ छापायला सांगते. तुझं 'हुकमावरून' छापावं लागेल.

फाइल देताना एक कर. मजकूर कर्व्हमध्ये बदलून दे, म्हणजे अक्षरांची रेघांची चित्रं होतात. नाहीतर तुझ्या इंकस्केपमधलं छान दिसणारं मराठी दुकानातल्या कोरल नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं आणि पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, नाहीतर सगळे चौकोनच. चित्र फोटोच्या रूपात असेल तर तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) ठेव, म्हणजे ६० मिलिमीटरला साधारण ७०९ पिक्सेल. तू पाठवलेली कवटी १२० पिक्सेलची होती. दात अकरा दिसले ते त्यामुळेही असेल.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत नोकरी करतो. लॅपटॉपवर किरणोत्साराची तीन पात्यांची पिवळी खूण आणि खाली 'आत स्फोटक आहे' असं क्रोम रेडियममध्ये करायचंय. महिन्यातून दोनदा दिल्लीला विमानाने जातो. टिकेल ना?

उत्तर : रेडियम टिकेल. तुम्ही किती वेळ टिकाल ते सांगता येत नाही. लॅपटॉप पिशवीतून काढून ट्रेमध्ये एकटा ठेवायचा असतो, आणि तो ट्रे बघणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाला विनोद समजून घ्यायचा पगार मिळत नाही. मी हे कापून देणार नाही, पैसे दिले तरी.

आणि फक्त विमानतळाचा प्रश्न नाही. ती तीन पाती १९४६ साली बर्कलीत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेडिएशन प्रयोगशाळेत ठरली. पहिली खूण निळ्यावर किरमिजी होती, पिवळा नंतर आला. इतक्या वर्षांनंतरही भंगारवाल्याला ती कळेल याची खात्री नाही, म्हणून २००७ साली मोठ्या किरणोत्सारी स्रोतांसाठी लाल त्रिकोणात पाती, कवटी आणि पळणारा माणूस अशी आणखी एक खूण आणावी लागली. तरी २०१० मध्ये दिल्लीच्याच मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं, लोकांनी हातांनी हाताळलं आणि एक माणूस गेला. खऱ्या खुणा जितक्या लॅपटॉपांवर चिकटतील तितकं माणसाचं डोकं 'असेल कुणाची तरी गंमत' म्हणायला शिकेल. मला हे पटत नाही.

खूण बदला. तीन पात्यांच्या जागी तीन हिरव्या मिरच्या ठेवा, मध्ये लिंबू. आकार तोच, पिवळा तोच, लांबून बघणारा दचकतो आणि जवळ आला की हसतो. 'स्फोटक' शब्द कुठेही नको.

क्रोमचं वेगळं सांगते. त्यात धातूचा थर असू शकतो. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला असतो, तिथे क्रोम टाळा. खालच्या जाळीवर काहीच नको, लॅपटॉप तिथून श्वास घेतो. आणि कीबोर्डच्या बाजूला किंवा कॅमेऱ्यावर जाड काही लावून झाकण दाबून मिटू नका. ॲपल तर त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर साध्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जाड काही ठेवू नका असं सांगतं. लॅमिनेशन केलेला स्टिकर सहज त्याच्या पुढे जातो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यांची मालमत्तेची पट्टी झाकू नका, आणि डिंक 'रिमूव्हेबल' मागा.

प्रश्न : नमस्कार काकू. मी रत्नागिरीची, शाळेत शिक्षिका आहे. सातवीतल्या मुलाला 'भूत नियंत्रण विभाग, महाराष्ट्र शासन' असं अशोकस्तंभासकट स्टिकर हवंय. दुसऱ्यावर लाल क्रॉस आणि 'भूतबाधा प्रथमोपचार'. गंमत म्हणून चालेल का?

उत्तर : बाई, दोन्ही नाही. राजचिन्हाचा असा वापर २००५ च्या कायद्याने बंद आहे. लाल क्रॉस ही सर्वसाधारण दवाखान्याची खूण नाही, ती रेडक्रॉसची आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेची आहे. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा तिला राखतो. कितीतरी औषधांच्या दुकानांवर दिसते, तरी चूक ती चूकच. प्रथमोपचाराची आंतरराष्ट्रीय खूण हिरव्यावर पांढरा क्रॉस अशी आहे, ती घ्या.

शिक्का मुलालाच करू द्या. तुमच्या कोकणात देवचार आहे की! खांद्यावर घोंगडं, हातात काठी, गावाची शीव राखणारा. घोंगडं आणि काठी एवढ्यावर गोल शिक्का होतो, भोवती 'शीव संरक्षण कचेरी'. 'महाराष्ट्र शासन' गेलं तरी काही बिघडत नाही. आणि सातवीतल्या मुलाला कटर देताय तर पाती त्याने नाही, तुम्ही बदला.

प्रश्न : काकू, 'एलियन' सिनेमातल्या यानात दारादारांवर ज्या खुणा आहेत तशाच हुबेहूब कापून कॉलेजच्या फेस्टमध्ये विकायच्यात. अडचण?

उत्तर : विकायच्या म्हटलंस की अडचण. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो आणि तो सिनेमा १९७९ चा आहे. पण तुझी आवड चांगली आहे. त्या खुणा रॉन कॉब नावाच्या चित्रकाराने काढल्या, आणि नुसती सजावट म्हणून नाही. मालवाहू यानांसाठी खरोखरच मानक ठरलंय असं समजून अख्खा संच केला. प्रत्येक खूण त्याच गोल कोपऱ्यांच्या चौकोनात, रंग मोजके. तू चित्रं उचलू नकोस, पद्धत उचल. एक चौकोन ठरव, तीन रंग ठरव, आणि तुमच्या हॉस्टेलचं यान कर : 'येथे गुरुत्वाकर्षण सकाळी ८ नंतर', 'मेसच्या डाळीचा दाब कमी'. या मालाला मालक तूच. मुंजा, हडळ, वेताळ यांचाही हक्क अजून कुणी मागायला आलेला नाही.

प्रश्न : ताई, जुन्या लॅपटॉपवर चार वर्षांपूर्वी लावलेला त्रिकोण काढायचा आहे. नखाने काढला तर वरचा थर निघाला आणि खाली काळपट चिकट राहिलं. पेट्रोल लावू का? – एक निवृत्त लेखनिक, वाई

उत्तर : पेट्रोल नको, थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको. त्यात बहुधा ॲसिटोन असतं, प्लॅस्टिक विरघळतं आणि झाकणावर कायमचा पांढरा डाग बसतो. स्वस्त व्हिनाइल वर्षागणिक आकसतं, कडेने डिंक उघडा पडतो, त्यावर धूळ बसते. तुमचं काळपट ते हेच.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. केस वाळवायच्या यंत्राने वीतभर अंतरावरून कोमट करा, हात ठेवून सोसवेल इतपतच, आत बॅटरी आहे. उरलेला थर एका कोपऱ्यातून उचला आणि वर न ओढता मागे दुमडून, झाकणाला जवळजवळ टेकवत, सावकाश ओढा. डिंकावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटं ठेवा, मऊ कापडाने गोळा करत काढा. तेल कडेच्या फटीत जाऊ देऊ नका. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, थेट झाकणावर ओतू नका.

एवढं करूनही त्रिकोण फिकट दिसत राहिला तर घासत बसू नका, तो डिंक नाही. चार वर्षांच्या उन्हाने बाकीचं झाकण उडालंय आणि स्टिकरखालचा तुकडा मूळ रंगाचा राहिलाय. त्यावर तेवढ्याच मापाचा नवा त्रिकोण बसतो. जुन्याची बाजू मिलिमीटरमध्ये मोजून पाठवा, मी कापून ठेवते.